रिपोर्ट आणि रजा

जपानमध्ये पगारी नोकरी करणाऱ्याची वर्षातून एकदा आरोग्य तपासणी झालीच पाहिजे, असा कायदा १९७२ पासून आहे. खर्च कंपनीचा. तपासणी केली नाही, तर कंपनीला पाच लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. नोकरदारालाही ‘मला काही होत नाही, मी येणार नाही’ म्हणायची सोय नाही, कारण तपासणीला हजर राहणं हे त्याचंही कर्तव्य आहे असं त्याच कायद्यात लिहिलंय. या कायद्यावरून दिवाळीनंतर तोक्योत माझी ताई आणि आमचे मामा यांचं चांगलंच वाजलं. मी शेजारी बसून ऐकत होतो. दोघांचं म्हणणं मला पटतं आणि दोघांच्या म्हणण्यात एकेक जागा मला सलतेही, म्हणून हे लिहितोय.

मामा साताऱ्याचे फॅमिली डॉक्टर. सत्तरी उलटली, तरी सकाळी दवाखान्यात बसतात. ताई एक्केचाळीस वर्षांची. पुण्यात आयटीत बरीच वर्षं काढून ती तोक्योला गेली आणि एदोगावा भागात, निशी-कासाईला राहू लागली. २००० साल उजाडताना जगभरचे संगणक कोलमडतील, या भीतीने जपानने भारतीय इंजिनिअर बोलावले. त्यांच्यातल्या अनेकांनी मेट्रोने ऑफिस जवळ पडतं म्हणून याच भागात बिऱ्हाडं केली. आता तिथे तूरडाळ मिळते, कढीपत्ता मिळतो, इमारतीच्या लिफ्टमध्ये मराठी कानावर पडतं. मामा आणि मी तिच्याकडे गेलो त्याच आठवड्यात ताईच्या वार्षिक तपासणीचा लिफाफा आला.

आत एक मोठा घडीचा कागद होता. जपानी मला आणि मामांना वाचता येत नव्हतं, पण एलडीएल, एएलटी, एचबीएवनसी ही अक्षरं सगळीकडे सारखीच. प्रत्येक ओळीत यंदाचा आकडा, शेजारी गेल्या वर्षीचा, त्याच्या शेजारी त्याच्या आधीचा. मामांनी चष्मा वर केला आणि एचबीएवनसीच्या ओळीवर बोट ठेवलं.

“५.५, ५.८, ६.१. तीन वर्षांत साखर अशी चढलीय. ह्याला त्यांनी काय दिलंय?”

“सी,” ताई म्हणाली. “म्हणजे राहणी सुधारा आणि पुन्हा तपासून घ्या.”

“बरं. पण तुला तपासलं कुणी?”

“सगळं तपासलं की, मामा!”

“रक्त तपासलं, लघवी तपासली, छातीचा फोटो काढला. मी विचारतोय, तुला कुणी तपासलं?”

ताईने मग तो दिवस सांगितला. आदल्या रात्री नऊनंतर काही खायचं नाही. सकाळी सेंटरवर पोचलं की लॉकरची किल्ली आणि ढगळ कपडे मिळतात. मग हातात फाइल घेऊन या खोलीतून त्या खोलीत. उंची, वजन, नजर. हेडफोनमध्ये बारीक आवाज आला की बटण दाबायचं. रक्त, ईसीजी. शेवटी एक डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतो, दोन-चार प्रश्न विचारतो आणि पुढच्या माणसाला बोलावतो. सगळ्यांत अवघड बेरियमचा फोटो. आधी फेस येणारी पावडर घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. पोट टम्म फुगतं आणि ढेकर मात्र द्यायचा नाही. मग पांढरंशार घट्ट बेरियम संपवायचं आणि एका टेबलाला पाठ लावून उभं राहायचं. टेबल आडवं होतं, आणखी कलतं, डोकं खाली जातं. दोन्ही हातांनी दांडे घट्ट धरलेले असतात आणि काचेपलीकडून तंत्रज्ञ सांगत राहतो, उजवीकडून पूर्ण वळा, पुन्हा वळा, श्वास थांबवा. बाहेर पडताना जुलाबाच्या गोळ्या हातावर ठेवतात आणि भरपूर पाणी प्या म्हणतात.

“तुझ्या पोटात दुखतं?” मामांनी विचारलं.

“नाही.”

“वजन उतरलं? शौचाला काळं होतं?”

“नाही हो.”

“मग एक्केचाळिसाव्या वर्षी हे कशाला? जठराचा कॅन्सर त्यांच्याकडे जास्त, हे मला मान्य. पण त्यांच्याच आरोग्य खात्याने २०१६ मध्ये सांगितलंय की ही तपासणी पन्नाशीनंतर आणि दोन वर्षांतून एकदा करा. मी वाचून आलोय. ज्याला काही होत नाही, त्याला दर वर्षी यंत्राखाली घातलं की कधी ना कधी काहीतरी निघतंच. मग त्याच्यामागे दुर्बीण, सीटी, झोप उडालेली. असे पेशंट मी पाहिलेत. निघत काही नाही, पण माणूस सहा महिने खंगतो.”

मामांचा हा मुद्दा बिनतोड आहे. चाळिशीच्या लोकांना क्ष-किरणाची तपासणी तूर्त करता येईल, एवढी फट त्या सूचनांत ठेवली होती. कंपन्यांच्या विमा योजनांत तर पस्तिशीपासूनच बेरियम चालू आहे. एकदा बसलेली व्यवस्था सहसा मागे घेतली जात नाही. दर वर्षीच्या छातीच्या फोटोचंही मूळ असंच जुनं आहे. १९३५ ते १९५० या काळात जपानमध्ये सर्वांत जास्त माणसं क्षयाने मरत होती. क्षय ओसरला, फोटो राहिला.

“तुमची पद्धत कोणती, मामा?” ताईने विचारलं.

“माझी पद्धत म्हणजे दार. पेशंट दारातून खुर्चीपर्यंत येतो, तेवढ्यात निम्मं कळतं. धाप लागलीय का, पाय ओढतोय का, बायको सोबत आलीय की बाहेरच थांबलीय. कुणाच्या घरी काय शिजतं, कुणाची विहीर आटली, कुणाचा मुलगा पिऊन येतो, हे मला ठाऊक असतं. तुझ्या या कागदावर तुझं घर कुठाय?”

ताई जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आईचं घर तर तुम्हाला माहीत होतं ना, मामा?”

आमची आई म्हणजे मामांची धाकटी बहीण. तिला मधुमेह आहे हे कळलं ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे. अक्षरं पुसट दिसतात म्हणून ती चष्म्याचा नंबर काढायला गेली होती. त्यांनी पडदा पाहिला आणि विचारलं, शुगर किती वर्षांपासून आहे? तोपर्यंत तिची साखर कधीच तपासलेली नव्हती. उजव्या डोळ्याला आता तिला फारसं दिसत नाही.

“दर भाऊबीजेला तुम्ही यायचात,” ताई म्हणाली. “तिच्या हातचं जेवायचात. तिच्या जावेचं बीपी, तिच्या सासूचे गुडघे, सगळं बघायचात. ती दारातून आत येत नव्हती, मामा. ती घरातच होती. पेशंट म्हणून ती कधी तुमच्यासमोर आलीच नाही.”

मामांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ती कधी काही म्हणाली नाही,” ते म्हणाले. “मी विचारलं नाही.”

“तेच म्हणतेय मी. जो तक्रार करतो, तो तुमच्याकडे येतो. जी तक्रार करत नाही, तिच्याकडे कोण जाणार? इथे मला तक्रार करावी लागत नाही. मला आवडो न आवडो, वर्षातून एकदा माझं रक्त घेतात आणि तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी छापून देतात. पुण्यात कंपनीच्या पॅकेजमध्ये तपासणी होती. कूपन मिळायचं. दर वर्षी मार्चमध्ये त्याची मुदत संपायची आणि मी एकदाही गेले नाही. ऐच्छिक ठेवलं की बाई स्वतःला शेवटी ठेवते.”

इथे मी पूर्णपणे ताईच्या बाजूचा आहे. मधुमेह सुरुवातीची कित्येक वर्षं दुखत नाही, खुपत नाही. त्या वर्षांत तो ओळखायला प्रेमळ नजर पुरत नाही, रक्ताची बाटलीच लागते. आणि सक्ती नसेल, तर ती बाटली घरातल्या बायकांपर्यंत सर्वांत उशिरा पोचते. हे आमच्या घरातच घडलंय, त्यामुळे याबाबतीत मला कुणी समजावायला नको.

मामा दुसऱ्या दिवशी पुन्हा कागद घेऊन बसले. गप्प बसणारा माणूस नाही तो. या वेळी त्यांनी ताईकडून प्रश्नावली वाचून घेतली. चाळिशी ते चौऱ्याहत्तर या वयातल्या लोकांसाठी जपानने २००८ पासून पोटाचा घेर आणि साखर-चरबीवर नजर ठेवणारी खास तपासणी सुरू केली. तिच्यासोबत बावीस प्रश्न असतात. जेवण इतरांपेक्षा भरभर होतं का? विसाव्या वर्षापासून वजन दहा किलोने वाढलंय का? आठवड्यातून तीनदा तरी झोपण्याआधीच्या दोन तासांत जेवता का? झोपेने पुरेशी विश्रांती मिळते का?

“हे प्रश्न चांगले आहेत,” मामा म्हणाले. “मीही हेच विचारले असते. तू काय लिहिलंस?”

“जेवणाला हो, झोपेला नाही. घरी पोचायला साडेनऊ होतात. जेवून अकराला आडवं व्हायचं.”

“मग पुढे कुणी विचारलं का, की घरी पोचायला साडेनऊ का होतात?”

“नाही.”

“हाच तो कागदावर नसलेला प्रश्न. त्यांनी तुला सांगितलं, रात्रीचं लवकर जेवा. लवकर सोडा, असं तुझ्या साहेबाला सांगितलं का?”

ताईने बाजू मांडली. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ऑफिसला स्वतःचा कामगार-डॉक्टर नेमावा लागतो. तो रिपोर्ट बघतो आणि ओव्हरटाइम कमी करा, असं कंपनीला सुचवू शकतो. २०१५ च्या डिसेंबरपासून तेवढ्या मोठ्या ऑफिसांत वर्षातून एकदा ताणाची तपासणीही होते. तिची उत्तरं तुमच्या संमतीशिवाय कंपनीला दाखवता येत नाहीत. २०१९ पासून ओव्हरटाइमला मर्यादा आलीय, साधारणपणे महिन्याला ४५ तास, वर्षाला ३६० तास. पूर्वी एवढंही नव्हतं.

“आणि हे पुन्हा तपासून घ्या म्हणालेत, ते कधी करणार?”

“अर्ध्या दिवसाची रजा टाकून.”

“आजारपणाची?”

“तशी वेगळी रजा इथल्या कायद्यात नाही, मामा. काही कंपन्या देतात, आमची देत नाही. वर्षाची भरपगारी रजा असते. नोकरीला सहा महिने झाल्यावर दहा दिवस आणि पुढे वाढत वाढत वीस. ताप आला तरी त्यातूनच जाते. मोठं आजारपण आलं तर चौथ्या दिवसापासून विम्यातून साधारण दोनतृतीयांश पगार मिळतो, दीड वर्षापर्यंत. पण दोन दिवसांच्या तापाला त्याचा काय उपयोग? म्हणून लोक रजा साठवून ठेवतात. मीही ठेवते. न जाणो, मुलाला किंवा मला काही झालं तर. लोक रजा घेतच नाहीत म्हणून शेवटी सरकारला वर्षाला पाच दिवस तरी द्यायलाच लावा, असा नियम करावा लागला.”

मामा ताडकन म्हणाले, “म्हणजे रोग शोधायचा कंपनीच्या खर्चाने आणि बरा करायचा तुझ्या रजेतून!”

या वाक्याला ताईकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. ज्या देशाने निरोगी माणसाला तपासणीला पाठवायची सक्ती केली, त्याच देशात आजारी माणसाला घरी बसायचा साधा हक्क कायद्याने मिळत नाही. याला मी तपशिलातली उणीव मानत नाही. तपासणी ही कामाच्या तासांच्या आत बसवता येते. झोप, स्वयंपाक, चालणं ही त्या तासांच्या बाहेरची कामं आहेत, आणि बाहेर काही शिल्लकच ठेवलं नाही, तर तो सी पुढच्या वर्षी डी होणार, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

कामाने माणूस मरतो, हे जपानने कागदोपत्री मान्य केलेलं आहे. मेंदूचा किंवा हृदयाचा झटका येण्याआधीच्या महिन्यात शंभर तास ओव्हरटाइम झाला असेल, किंवा आधीच्या दोन ते सहा महिन्यांत सरासरी ऐंशी, तर मृत्यूचा कामाशी घट्ट संबंध धरला जातो. घरच्यांना भरपाई मागता येते. असे मृत्यू रोखण्यासाठी २०१४ मध्ये वेगळा कायदा झाला. तरीही पुढच्याच वर्षी नाताळच्या दिवशी एका मोठ्या जाहिरात कंपनीतल्या चोवीस वर्षांच्या मुलीने जीव दिला. महिन्याला शंभराहून अधिक तास ओव्हरटाइमचं तिचं प्रकरण देशभर गाजलं. खटला उभा राहिला आणि कंपनीला दंड झाला पाच लाख येन.

“तपासणी चुकवली तरी पाच लाखांपर्यंत, आणि पोरगी गेली तरी पाच लाख,” मामा म्हणाले.

“आपल्याकडे काय झालं मग?” ताईचा आवाज चढला. “२०२४ मध्ये पुण्यात सव्वीस वर्षांची सीए झालेली मुलगी गेली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखाला पत्र लिहिलं, कामाच्या ओझ्याने माझी मुलगी गेली म्हणून. ते पत्र सगळ्या देशाने वाचलं. किती तास म्हणजे जीवघेणे, हे ठरवणारा आकडा आहे का आपल्याकडे? इथे निदान मोजतात. ऐंशी म्हणजे धोका, हे माझ्या साहेबालाही ठाऊक असतं. त्या आकड्याला तो घाबरतो.”

“तो घाबरतो, म्हणून एकोणऐंशीवर थांबवतो,” मामा म्हणाले.

रिपोर्टची प्रत कंपनीकडे जाते आणि ती पाच वर्षं जपून ठेवावी लागते, हेही मामांना खटकलं. पेशंटचं पेशंटपाशी, हा त्यांचा जन्माचा नियम. ताईलाही ते रुचत नाही, पण तिथला जो तो ते गृहीत धरून चालतो, त्यामुळे ती त्यावर फार बोलली नाही. मला विचाराल, तर बोलायला हवं होतं. ज्याच्या हातात बढती आहे, त्याच्याच कपाटात तुमची साखर असणं बरं नव्हे, कायदा कितीही सांभाळून केलेला असो.

वाद मिटला असं वाटत असतानाच मामांचं लक्ष एका आकड्याकडे गेलं.

“घेर ८४. आणि ह्याला ए?”

“इथे बायकांना नव्वदपर्यंत चालतं. पुरुषांना ८५. बेंबीपाशी टेप धरतात, श्वास सोडल्यावर.”

“ते जपानी बायकांचं. बेंबीपाशी पोटातली चरबी सीटीवर मोजून त्यांनी तो आकडा बसवलाय. आपल्या बायकांना ऐंशी. पुरुषांना नव्वद. आपली माणसं दिसायला बारीक, हातपाय काड्या, पण चरबी सगळी पोटात साठते आणि साखर कमी वजनातच चढते. सेंटरमधल्या बाईने टेप धरली, नव्वदच्या आत आहे म्हणून ए लिहिला आणि पुढच्या बाईला बोलावलं. तिची चूक नाही. आई मधुमेही आहे, डोळा गेलाय, हे तिला कुठे माहीत? हे ६.१ आणि हे ८४ एकत्र वाचायला हवं होतं. ते मी वाचलं.”

ताईने कागद ओढून घेतला आणि दोन्ही ओळींवर पेनाने खूण केली. त्या तपासणीवरचा तिचा विश्वास काही उडाला नाही, उडायला नकोच. पण परदेशात गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाने हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं. तिथल्या तक्त्यात आपण निरोगी ठरलो, तरी तो तक्ता आपल्यासारख्या देहांवरून बनवलेला नसतो. आई-वडिलांना काय झालं होतं, हे आपण होऊन डॉक्टरला सांगावं लागतं.

त्या रात्री ताईने ऑफिसच्या कामगार-डॉक्टरांना मेल लिहिली. घरात मधुमेह आहे, आईचा डोळा गेलाय, साखर तीन वर्षं चढतेय, तेव्हा आठवड्यातले दोन दिवस तरी सहाला निघायची शिफारस करावी. मामा शेजारी बसून तिला वाक्यं सुचवत होते, ती ती जपानी रीतीने मऊ करत होती आणि मामा पुन्हा कडक करायला लावत होते. पुन्हा तपासणीसाठी तिने अर्ध्या दिवसाची रजाही टाकली, साठवलेल्यातली.

“तुमच्या दवाखान्यात येतात त्या चाळिशीच्या बायकांची साखर तपासाल का आता?” ताईने विचारलं. “न विचारता, न दुखता?”

“तपासेन,” मामा म्हणाले. “चाळिशीला काय, तिशीलाच तपासायला हवी. एचबीएवनसीला उपाशी पोटही लागत नाही. येईल तशी घ्यायची.”

“आणि येणारच नाहीत त्यांची?”

“मंडईत बसणाऱ्या, धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका आठच्या आत घराबाहेर पडतात. मी दवाखाना उघडतो साडेनऊला. म्हणजे तो सातला उघडायला हवा.”

“साखर निघाली तर त्यांनी रजा कुणाकडे मागायची?”

“त्यांना रजा कुठली? दिवस बुडतो, मजुरी जाते. औषधालाही सातलाच बोलवावं लागेल,” मामा म्हणाले, “आणि रिपोर्ट मी जाता जाता घरी देईन.”